दुसरा कॅमेरा हलकाच बरा

बॅकअप कॅमेऱ्याला बॅटरी ग्रिप लावायचीच, असं माझ्या मनात बरेच दिवस पक्कं होतं. पैसेही बाजूला काढून ठेवले होते. आता तो बेत मी सोडून दिला आहे. यवतमाळ जिल्ह्यात लग्नाचे फोटो काढणाऱ्या नव्या मुली-मुलांकडून हाच प्रश्न वारंवार येतो, म्हणून माझं मत आधी काय होतं आणि ते कशानं बदललं, हे मोकळेपणानं लिहिते आहे.

माझ्याकडे दोन बॉडी आहेत. मुख्य कॅमेरा कॅननचा फाइव्ह-डी मार्क थ्री, त्याला ग्रिप लावलेली आहे. जोडीला सिक्स-डी. दोन्ही २०१२ साली बाजारात आलेले, दोन्ही फुल फ्रेम आणि दोघांनाही एलपी-ई६ हीच बॅटरी चालते. लग्न एकदाच लागतं. अक्षता पडल्या की तो क्षण गेला, म्हणून दुसरी बॉडी हवीच. माझा हिशोब असा होता, की मुख्य कॅमेरा बंद पडला तर सिक्स-डीलाच मुख्य व्हायचं आहे, मग तो त्याच तयारीचा का नसावा?

ग्रिपचे फायदेही खरे आहेत. स्टेजवर आहेर देणाऱ्यांची रांग सुरू झाली की बहुतेक फ्रेम उभ्या घ्याव्या लागतात. ग्रिप नसेल तर उजवं कोपर सारखं वर उचललेलं राहतं आणि रात्रीपर्यंत खांदा भरून येतो. ग्रिपवर उभ्या फ्रेमसाठी वेगळं शटर बटण असतं, त्यामुळे हात अंगाशी राहतो. दोन बॅटऱ्या बसतात. सत्तर-दोनशेसारखी जड लेन्स लावली तरी तोल सांभाळला जातो.

वीज हे आणखी एक कारण होतं. आमच्याकडे भारनियमन कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दारव्हा, आर्णी, घाटंजीकडच्या खेड्यात एप्रिल-मे महिन्यात लग्न असलं की जनरेटरवर आधी साउंड, मग लाईट, मग पंखे. फोटोवालीच्या चार्जरचा नंबर शेवटी. सिक्स-डीच्या ग्रिपसोबत सहा पेन्सिल सेल बसतील असा एक ट्रे येतो, आणि पेन्सिल सेल तर गावच्या किराणा दुकानातही मिळतात. या एका मुद्द्यावर मी जवळजवळ ग्रिप घेतलीच होती.

आणि एक कारण मी कुणाला सांगत नव्हते. मांडवात बाई कॅमेरा घेऊन उभी राहिली की लोक आधी तिच्या हातातली वस्तू बघतात. ‘‘ताई, थो मोठा कॅमेरा नाही आणला काय?’’ हा प्रश्न सिक्स-डी हातात असताना मी पुष्कळदा ऐकला आहे. ग्रिप लावली की तीच बॉडी भारदस्त दिसते आणि तो प्रश्न येत नाही. मला ग्रिप हवी होती त्यात या इच्छेचा वाटा मोठा होता.

मत बदललं ते एकेक कारण वेगळं काढून तपासल्यावर.

आधी बॅटरी. व्ह्यूफाइंडरमधून फोटो काढले तर सिक्स-डी एका बॅटरीवर सुमारे १,०९० फोटो देतो, असं कॅनन २३ अंश तापमानासाठी सांगतं. आमचा मे महिना ४५ अंशांपर्यंत जातो, पण उष्णतेनं त्या दिवशीचे फोटो फारसे कमी होत नाहीत. थंडीत होतात. उष्णता बॅटरीचं आयुष्य खाते. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेली बॅटरी काही हंगामांत थकते, मग ती ग्रिपमध्ये असो की बॅगेत. यावर उपाय म्हणजे बॅटरी सावलीत ठेवणं आणि थकलेली वेळेवर बदलणं. लग्नातले बहुतेक फोटो मुख्य कॅमेऱ्यावर निघतात, बॅकअपची एक बॅटरी दिवसभर सहज पुरते.

पेन्सिल सेलचा मुद्दाही टिकला नाही. साधे अल्कलाइन सेल कॅमेऱ्याला लागणारा करंट फार वेळ देऊ शकत नाहीत, लवकर बसतात. रिचार्जेबल सेल चांगले चालतात, पण ते पुन्हा चार्जच करावे लागतात. म्हणजे प्रश्न परत जनरेटरच्या प्लगपाशीच.

मला सगळ्यात जास्त पटलं ते हे: खिशातली बॅटरी दोन्ही कॅमेऱ्यांची असते, ग्रिपमधली एकाचीच. दोघांची बॅटरी एकच असल्यामुळे जादा बॅटरी जो कॅमेरा मागेल त्याला देता येते. ती बॅकअपच्या ग्रिपमध्ये अडकवली, तर ऐन मंगलाष्टकांच्या वेळी मुख्य कॅमेऱ्याची बॅटरी संपल्यावर ग्रिपचं पॅनेल उघडून ती काढत बसावं लागेल. खिशात हात घालणं जास्त सोपं.

मग मी सिक्स-डीची खरी उणीव शोधली. त्याला कार्डाचा एकच स्लॉट आहे. फाइव्ह-डी मार्क थ्री एकाच वेळी दोन कार्डांवर लिहितो, त्यामुळे एक बिघडलं तरी दुसऱ्यावर लग्न शाबूत असतं. सिक्स-डीत तो आधार नाही, आणि कोणतीही ग्रिप तो देणार नाही. तिथे चांगली कार्डं घ्यायची आणि प्रत्येक विधीनंतर कार्ड बदलायचं, एवढंच हाती आहे.

उलट सिक्स-डीचे स्वतःचे गुण ग्रिपखाली दबले असते. त्याचा मधला फोकस पॉइंट उणे तीन ईव्हीपर्यंतच्या अंधुक उजेडात काम करतो, मार्क थ्रीची मर्यादा उणे दोन आहे. लाईट गेल्यावर समयांच्या उजेडात नवरीचा चेहरा टिपायला मी हाच कॅमेरा उचलते. बॅटरीसकट त्याचं वजन पाऊण किलोच्या आसपास, ग्रिप आणि दुसरी बॅटरी धरली की ते किलोच्या पुढे जातं. हळदीच्या वेळी बायकांनी गच्च भरलेल्या खोलीत, पंगतीच्या दोन रांगांमधून, वरातीच्या गर्दीत हलका कॅमेरा सहज आत जातो आणि लोकही त्याच्यासमोर मोकळे राहतात.

प्रत्येकाचा निर्णय असाच व्हावा, असं नाही. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात वाघाचे फोटो काढायला जाणाऱ्यांचं गणित निराळं आहे. निकॉनचा डी८५० एरवी सेकंदाला ७ फ्रेम घेतो, ग्रिप आणि मोठी ईएन-ईएल१८ मालिकेतली बॅटरी लावली की ९ घेतो. वाघ रस्ता ओलांडत असताना त्या दोन फ्रेम मोलाच्या असतात, आणि जिप्सीत कॅमेरा टेकवलेला असल्यानं वजनाचा त्रास कमी. सिक्स-डीचा वेग ग्रिप असो वा नसो, साडेचारच राहतो.

राहिली लोकांच्या नजरेची गोष्ट. ती माझ्यासाठी खरी होती आणि आजही आहे. नव्यानं या कामात येणाऱ्या मुलींसाठी तर ती जास्तच खरी आहे. पण मांडवातला विश्वास माझ्या कामातून तयार होतो: आधीच्या लग्नाच्या अल्बममधून, वेळेवर पोचण्यातून, आजीबाईंना खुर्चीवर नीट बसवून त्यांचा फोटो घेण्यातून.

बाजूला काढलेल्या पैशातून मी दोन अस्सल बॅटऱ्या, गाडीत चालणारा चार्जर आणि चांगली कार्डं घेतली. तुम्हीही ठरवताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: ही वस्तू नसल्यामुळे माझा कोणता फोटो हुकला? एखादा नेमका फोटो आठवला, तर ग्रिप जरूर घ्या. मला मुख्य कॅमेऱ्यासाठी असे अनेक आठवले, बॅकअपसाठी एकही नाही.