अम्मीचा प्रश्न आणि बोसबाबू

आम्ही भावंडं मराठी शाळेत शिकलो. घरी दखनी, मदरशात अरबी आणि गणित-विज्ञान मात्र मराठीत. आजही आमचं नाव ऐकल्यावर कुणीतरी म्हणतंच, "तुमचं मराठी फार छान आहे हो!" त्यात कौतुक असतं आणि थोडं परकेपणही. आम्ही हसून सोडून देतो.

आमची मुलं शाळेच्या वयाची झाली, तेव्हा आम्ही सगळ्यांनीच त्यांना इंग्रजी माध्यमात घातलं. अम्मीनं एवढंच विचारलं, "मराठी में साइन्स नै आता क्या?" आम्ही गप्प बसलो. आम्ही स्वतः ते मराठीतच शिकलो होतो.

तिच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला उशिरा सापडलं, सत्येंद्रनाथ बोस यांच्या चरित्रात.

१८९४ साली कोलकात्यात जन्मलेले बोस १९२१ मध्ये नव्या ढाका विद्यापीठात शिकवायला गेले. प्लांकचा नियम विद्यार्थ्यांना शिकवताना त्याची जुनी मांडणी त्यांना पटेना. त्यांनी प्रकाशकण मोजण्याची रीतच बदलली. तो निबंध जून १९२४ मध्ये त्यांनी थेट आइनस्टाइनना पाठवला. ओळखदेख काहीच नव्हती. आइनस्टाइननी स्वतः त्याचं जर्मन भाषांतर केलं आणि छापायला दिलं. पुढे डिरॅक यांनी अशा कणांच्या कुळाला 'बोसॉन' नाव दिलं. बोस-आइनस्टाइन संघनित प्रयोगशाळेत प्रत्यक्ष तयार झालं ते १९९५ मध्ये. त्यासाठी २००१ चं नोबेल तिघांना मिळालं. बोस १९७४ मध्येच गेले होते. त्यांना नोबेल कधी मिळालं नाही.

पण आम्हाला धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. तरुणपणी मेघनाद साहांसोबत आइनस्टाइनचे सापेक्षतेवरचे निबंध जर्मनमधून इंग्रजीत आणणारा हा माणूस १९४८ मध्ये बंगीय विज्ञान परिषद स्थापन करतो, बंगालीत विज्ञानाचं मासिक सुरू करतो. बंगालीत विज्ञान शिकवता येत नाही म्हणणाऱ्याला एक तर बंगाली येत नाही, नाहीतर विज्ञान, असं ते म्हणत.

ढाक्यात काझी मोताहार हुसेन हे त्यांचे सहकारी होते. बोसांच्याच आग्रहानं ते भौतिकशास्त्राकडून संख्याशास्त्राकडे वळले आणि त्या विषयाचे ढाक्यातले आद्य शिक्षक झाले. १९२६ मध्ये तिथे स्थापन झालेल्या 'मुस्लिम साहित्य समाज' या संस्थेच्या धुरिणांतही ते होते. बंगालीत लिहिणाऱ्या मुसलमानांची ती संस्था. हे वाचताना आम्हाला आपली संमेलनं आठवली, आणि तिथे विज्ञानावर बोलणारं कुणी क्वचितच असतं, हेही आठवलं.

गेल्या वर्षी आमच्या भाचीनं विज्ञान प्रदर्शनासाठी बोसांवर तक्ता केला. इंग्रजी व्याख्या तोंडपाठ होती, अर्थ सांगता येईना. आम्ही दोन डबे आणि दोन गोट्या घेऊन बसलो. एक गोटी लाल, एक निळी असेल तर त्या डब्यांत ठेवण्याचे चार प्रकार: दोन्ही इकडे, दोन्ही तिकडे, लाल इकडे नि निळी तिकडे, किंवा उलट. प्रकाशकणांत मात्र लाल-निळं नसतंच. म्हणून शेवटचे दोन प्रकार एकच ठरतात आणि तीनच उरतात. जुन्या हिशेबात दोन्ही कण एकाच डब्यात सापडण्याची शक्यता निम्मी होती, ती दोन तृतीयांश होते. बोसांनी हीच मोजणी मांडली. तिच्यामुळेच हे कण एकत्र राहणं पसंत करतात असं दिसतं.

भाची थोडा वेळ डब्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे या कणांना नाव नसतंच?"

तिला समजलं होतं, आणि प्रश्न तिनं मराठीत विचारला होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. अम्मी आता नाही. असती, तर तो तक्ता तिला दाखवला असता आणि तेव्हा गप्प का बसलो, तेही सांगितलं असतं.