मधला माणूस

मी कॉमर्सचा पदवीधर. डेबिट कुठलं आणि क्रेडिट कुठलं एवढं सांगता येतं, म्हणून बँकेने मला गेली 22 वर्षं ठेवून घेतलं आहे. त्यामुळे हेड ऑफिसचा एक कोवळा मुलगा आम्हांला ‘मिडलवेअर’ शिकवायला आला, तेव्हा मी मागच्या बाकावर, चहा ज्या दारातून येतो त्या दाराशी बसलो होतो.

‘‘बँकेतल्या सिस्टीम्स एकमेकींशी बोलत नाहीत,’’ मुलगा म्हणाला. यात नवीन ते काय? आमचा कर्जविभाग आणि ठेवविभाग तरी कुठे बोलतात? ‘‘म्हणून मध्ये एक सॉफ्टवेअर असतं. ते एकीचा निरोप घेतं, रांगेत जपून ठेवतं, दुसरीला समजेल अशा भाषेत करतं आणि योग्य ठिकाणी पोचवतं. दुसरी बंद असेल तर उघडेपर्यंत थांबतं.’’

मी उडालोच. अहो, हे तर आमचे अण्णा शिपाई! साहेब केबिनमधून ओरडत, ‘‘त्या गाढवाला सांग, व्हाउचर आत्ताच्या आत्ता पाहिजे!’’ अण्णा माझ्यापाशी येऊन हळूच म्हणत, ‘‘साहेबांनी आठवण काढलीय. सवडीनं व्हाउचर द्या.’’ मजकूर तोच, फॉरमॅट वेगळा. मी चहाला गेलो असलो तर निरोप खिशात. आणि शाखेत इतकी माणसं असताना गाढव म्हणजे मीच, हे ते न विचारता ओळखत. मुलगा त्याला ‘राउटिंग’ म्हणाला. आयबीएमने हा माल 1993 साली ‘एमक्यूसीरीज’ या नावाने बाजारात आणला. अण्णा 1984 पासून तेच करत होते, चिमूटभर तंबाखूवर.

जो निरोप कुठेच पोचत नाही, तो कारणाच्या चिठ्ठीसकट ‘डेड लेटर क्यू’त पडतो. ती रांग मात्र कुणीतरी बघावी लागते.

2021 च्या नोव्हेंबरात क्षीरसागर आजींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाने परदेशातून पैसे पाठवले. स्विफ्टच्या त्या वेळच्या निरोपात नाव-पत्त्याला 35-35 अक्षरांच्या चार ओळी असत. आजींचं ‘श्रीमती’सकट नाव इंग्रजीत मांडलं, की 35 वं अक्षर बरोबर ‘क्षीर’पाशी संपे. सागर खालच्या ओळीत! आमचं मिडलवेअर वरचीच ओळ वाचणारं. नाव जुळेना, निरोप मृतांच्या रांगेत. (आता नवीन पद्धतीत नावाला 140 अक्षरं मिळतात. जुने निरोप 2025 च्या नोव्हेंबरात बंद झाले.)

आजी चार दिवस रोज रिक्षा करून आल्या. मी रोज सांगितलं, ‘‘सिस्टीममध्ये काही दिसत नाही, आजी.’’ खोटं नव्हतं ते. मी फक्त माझीच सिस्टीम बघत होतो.

पाचव्या दिवशी निवृत्त अण्णा हयातीचा दाखला द्यायला आले. बाकावर आजींशेजारी बसले, सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याच टेबलावरून हेड ऑफिसला फोन लावला. ‘‘साहेब, आमच्या आजींचा सागर तुमच्याकडे राहिलाय. तेवढा बघून पाठवा.’’

दुपारी तीनला पैसे जमा.

जाताना आजी माझ्याकडे बघून दारात काहीतरी पुटपुटल्या. चेहऱ्यावरून बरं वाटेना. अण्णा परत माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले,

‘‘आजी म्हणाल्या, तुम्ही फार धावपळ केलीत.’’