तारसोलणी

आमच्या घरच्या जुन्या फडताळात एक तारसोलणी आहे. दोन मुठी, दोन पाती आणि पात्यांच्या कडेला लहानमोठ्या अर्धगोल खाचा. पाती मिटली की त्या खाचांची छिद्रे होतात. दुकानात तिला वायर स्ट्रिपर म्हणतात. आजी मात्र तिला ‘तारेचा अडकित्ता’ म्हणे.

३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. आदल्या दिवशीच गणपतीचे विसर्जन झाले होते. आमच्या धाराशिवचे नाव सरकारदरबारी तेव्हा उस्मानाबाद असे होते. मी अकरा वर्षांचा होतो. चार वाजण्याच्या सुमारास जमीन हादरली, मांडणीवरची भांडी खाली आली आणि आम्ही सारे अंगणात धावलो. दिवे गेले होते. आईचे माहेर सास्तूरचे. ती एकसारखी म्हणत होती, “रेडिओ लावा, कुठे काय झाले ते कळू द्या.”

रेडिओ फळीवरून पडला होता. सेल शाबूत होते; पण सेलांच्या डब्यातून आत जाणारी तार तुटली होती. तार तरी केवढी! सुतळीच्या पदराएवढी, वर तांबडे प्लॅस्टिक आणि आत केसांसारखे तांब्याचे सात पदर. शाळेत विजेचा दिवा पेटवून दाखविल्यापासून मी स्वतःला मोठा कारागीर समजत असे. आजीचा अडकित्ता घेतला, तर तारेचे टोकच उडाले. मग दाढीचे पाते घेतले. प्लॅस्टिक निघाले खरे, पण त्याबरोबर चार पदरही गेले. उरलेले तीन वाकविताच तुटले. आता जेमतेम दोन बोटे तार राहिली. ती मी दातांत धरणार, तोच शेजारचे काका आले. ते रेडिओ दुरुस्त करीत.

“दातांनी नको रे! आता चुकायला जागा कुठे आहे?”

त्यांनी कंदिलाजवळ तार धरली. तारसोलणीच्या सैल छिद्रात ती घातली, तेव्हा पाती प्लॅस्टिकवरून नुसती घसरली. मग एक घर खाली. नुसता वळ उमटला. आणखी एक घर खाली घेताच पाती रुतली. काकांनी हलकेच ओढले आणि बोटातून अंगठी निघावी तसे आवरण निघून आले. मी पदर मोजले. सातही होते.

“आणखी खालचे छिद्र घेतले असते तर?”

“तर पात्याने केले तेच झाले असते. तांब्याला ओरखडा पडला तरी पुढे तार तिथेच तुटते. म्हणून सुरुवात नेहमी सैल छिद्राने करावी.”

त्यांनी पदर पिळून पट्टीला अडकविले. सकाळ वर आल्यावर बातम्यांत किल्लारीचे नाव आले. किल्लारीहून सास्तूर दूर नाही. आई मटकन खाली बसली. वडील त्याच पावली निघाले.

त्या भागातील घरे दगडमातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीचे जड धाबे असलेली. हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. तिसऱ्या दिवशी वडील एकट्या मामांना घेऊन परतले. विसर्जनाहून उशिरा आलेले मामा देवळाच्या पारावरच निजले होते. मामी आणि लहानगी सुमन घरात होत्या. त्याविषयी मामा कधी बोलले नाहीत.

पुढे ते आमच्याकडेच राहिले. काही दिवसांनी काका त्यांना आपल्या दुकानात घेऊन जाऊ लागले. काम असे सांगत, पण पहिले कित्येक दिवस मामा तिथे नुसते तारा सोलीत बसत. दुकान बंद करताना काकांनी ती तारसोलणी त्यांनाच दिली. मामा आता थकले आहेत, हातही थरथरतो. तरी घरात कुठली तार तुटली की ते फडताळ उघडतात, खिडकीजवळ बसतात आणि सर्वांत सैल छिद्रापासून सुरुवात करतात.