टप उघडाल हो, पण मिटणार कसा?

कन्व्हर्टिबलची खरी मजा मरिन ड्राइव्हवर नाहीच. तिथे सिग्नलला बेस्टच्या बसमधून शंभर डोकी तुमच्या मांडीवरचं सँडविच बघणार! त्यापेक्षा वीकेंडला अहमदाबाद हायवे धरा, मनोरला डावीकडे वळा आणि मग बटण दाबा. वाघोबा घाटातली झाडी थेट डोक्यावर. पालघर आलं की माहीम-केळव्याचं सुरूचं बन गाठा, नाहीतर उत्तरेला बोईसर, तारापूर करत चिंचणीचा किनारा. सही!

आता समजा, चिंचणीला ढग भरून आले, तुम्ही बटण दाबलंत आणि टप अर्ध्यात अडकला. ना उघडा, ना बंद. अशी गाडी पळवली तर वारा सांगाडाच वाकवेल.

घाबरू नका. फंडा साधा आहे. मोटर पंप फिरवते, पंप तेल ढकलतो, तेल दोन्ही बाजूंचे सिलिंडर उचलतं. प्रत्येक पायरीला एक सेन्सर ‘झालं’ म्हणून कळवतो. एकाने जरी कळवलं नाही, तर सगळं ठप्प. म्हणून आधी सोप्या गोष्टी बघा : बॅटरी उतरली आहे का? डिकीतला पडदा नीट लागलाय का? बहुतेक गाड्यांत तो सुटा असला की टप हलतच नाही. तरीही जमलं नाही तर मॅन्युअल काढा. बऱ्याच गाड्यांत पंपाचा दाब सोडायची सोय असते. दाब सोडल्यावर दोघांनी दोन बाजूंनी टप सारखाच उचलायचा. बोटं मात्र सांध्यांपासून लांब!

डिकीत तेल सांडलेलं दिसलं, तर बोईसर जवळच आहे. अणुवीज केंद्रामुळे १९६९ पासून तारापूरचं नाव देशाला माहीत झालं, पण आपल्या कामाची आहे ती शेजारची एमआयडीसी. तिथल्या क्रेन, फोर्कलिफ्ट, प्रेस याच तेलाच्या दाबावर चालतात. त्यामुळे फुटका पाइप नवा करणारा, सिलिंडरचं सील बदलणारा कारागीर अशा वस्तीत शोधला तर सापडतो. तेल मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच; ब्रेक ऑइल ओतलंत तर सील गेलंच समजा. आणि कापड उसवलं? रिक्षाचे हूड शिवणारा आहे की! सांगाड्यावर कापड ताणून बसवण्यात त्याचा हात बसलेला असतो. सेन्सर गेला असेल तर मात्र स्कॅनरच हवा, म्हणजे गाठा मुंबई.

हे सगळं का सांगायचं? कारण अशा बिघाडाला पहिलं कोटेशन अख्ख्या टपाचं येऊ शकतं, आणि दोष असतो एका पाइपचा. सही करण्याआधी तेल नेमकं कुठून गळतंय ते विचाराच.

आणि परत आल्यावर टप गोड्या पाण्याने धुवा, पाणी वाहून जायची भोकं साफ करा. ती तुंबली की काही गाड्यांत पाणी थेट पंपापर्यंत पोचतं. खारा वारा खायला आपल्याला आवडतं, गाडीला नाही!