खांद्यावरची सोनेरी झालर

दोस्तांनो, कुणी तिकिटं जमवतं, कुणी नाणी, तर कुणी काडेपेट्यांचे छाप. पण जुन्या लष्करी अधिकाऱ्यांच्या गणवेशावरचा साज जमवणारेही शौकीन असतात, बरं का! टोपीचे बिल्ले, बटणं, तलवारीचे गोंडे, खांद्यावरच्या झालरी... अशीच एक झालर बघायला लंडनमधल्या ग्रिनिचला चला.

वेस्टमिन्स्टरच्या धक्क्यावर लाँचमध्ये बसायचं. थेम्स नदीतून, टॉवर ब्रिजच्या खालून जात जात ग्रिनिच येतं. भूगोलाच्या पुस्तकातलं शून्य रेखावृत्त इथलंच! पण टेकडीवरच्या वेधशाळेकडे पळण्याआधी खालच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये शिरा. तिथे ॲडमिरल नेल्सनचा निळा कोट आहे.

२१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रॅफल्गारच्या लढाईत हाच कोट त्याच्या अंगात होता. दोन्ही खांद्यांवर सोनेरी जरीच्या झालरी. त्यांना म्हणतात एपोलेट. ब्रिटिश आरमारात त्या १७९५ साली आल्या. त्यांच्यावरच्या चांदण्या मोजल्या की हुद्दा कळायचा. आता डावा खांदा नीट बघा. दिसलं का भोक? फ्रेंच जहाजाच्या डोलकाठीवरून सुटलेली गोळी इथूनच आत शिरली. त्याच दिवशी नेल्सन गेला.

डॉक्टर बीटी यांनी ती गोळी नंतर काढली, तेव्हा तिला एपोलेटची जर चिकटलेली होती! ती गोळी आज विंडसरच्या राजवाड्यात आहे. म्हणजे झालर एकीकडे आणि तिचे चार धागे दुसरीकडे!

अनेक जण सांगतात, की नेल्सन त्या दिवशी झगमगीत दरबारी पोशाखात मिरवत होता. पण कोट काय सांगतो? हा त्याचा रोजचा साधा कोट. छातीवरची चार मानचिन्हंसुद्धा धातूची नाहीत, भरतकामाची आहेत.

हा कोट बऱ्याच हातांतून फिरला. १८४५ साली राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी तो १५० पौंडांना विकत घेऊन ग्रिनिचच्या रुग्णालयाला भेट दिला. समजा, मधल्या काळात कुणी हौसेनं भोक रफू केलं असतं, फाटकी झालर बदलून नवी कोरी लावली असती, तर? कोट सुंदर दिसला असता, पण मुका झाला असता.

म्हणूनच जाणते संग्राहक जुना बिल्ला उगाच घासून चकचकीत करत नाहीत. घासलं की मुलामाही उडतो.

तुमच्या घरात कुणी फौजेत होतं का? आजोबांच्या ट्रंकेत एखादं बटण, एखादा बिल्ला असेलच. आजोबांना विचारा, हा कुठल्या पलटणीचा, कुठल्या साली मिळाला. उत्तर चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी वस्तूबरोबरच ठेवा. पण हं, पॉलिश मात्र करू नका!