उत्पत्तीचा पहिला अध्याय

पुनरुत्थानाच्या आदल्या रात्री आमच्या वसईकडच्या देवळात सगळे दिवे मालवलेले असतात. अंगणात पेटवलेल्या अग्नीवरून मोठी मेणबत्ती उजळते, तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातली छोटी, आणि तेवढ्याच उजेडात जुन्या करारातलं पहिलं वाचन सुरू होतं. आधी प्रकाश, मग आभाळ, मग पाणी बाजूला सरून वर आलेली जमीन आणि तिच्यावरची झाडंझुडपं. चौथ्या दिवशी सूर्य-चंद्र, पुढे मासे, पाखरं, गुरं, आणि सगळ्यांत शेवटी माणूस. मधूनमधून देव थांबतो, आपल्या कामाकडे पाहतो, आणि त्याला ते चांगलं दिसतं. मेण वितळून बोटांवर उतरतं, चटका बसतो, पण मेणबत्ती कुणी खाली ठेवत नाही. हे वाचन मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि माझी त्याच्यावर श्रद्धा आहे. जग कुणाच्या तरी प्रेमातून आलं, ते मुळात चांगलं आहे, आणि कुठल्याही माणसात देवाचं प्रतिरूप आहे, हे मी मनापासून मानते.

मी दहावीला विज्ञान शिकवते. विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांतीचा. तो शिकवताना मी मुलांना आपापला हात चाचपायला लावते. दंडात एक हाड, कोपराखाली दोन, मग मनगटातली लहान लहान हाडं, मग बोटं. फळ्यावर वटवाघळाचा पंख काढते, देवमाशाचा पर काढते. हाडं तीच, मांडणी तीच, फक्त कुठे लांबलेली तर कुठे आखूड झालेली. एखादी मुलगी मनगट दाबत फळ्याकडे बघत राहते. आपल्या हाताचं आणि समुद्रातल्या त्या अवाढव्य प्राण्याचं नातं तिला पहिल्यांदाच कळत असतं. मग मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "टीचर, मग आदाम आणि एवा?"

अलीकडे या प्रश्नाला धार आली आहे. अमेरिकेतले व्हिडिओ मोबाइलवरून आमच्या वाड्यांपर्यंत पोहोचतात. केंटकीत २००७ मध्ये एक क्रिएशन म्युझियम उघडलं, तिथे माणसं आणि डायनोसॉर एकाच काळात नांदताना दाखवले आहेत. दुसऱ्या बाजूचेही व्हिडिओ येतात. त्यांत कुणी विद्वान ठासून सांगतो की डार्विन आला आणि देव संपला. पंधरा वर्षांच्या मुलाला दोन्हीकडून एकच गोष्ट ऐकू येते, की दोहोंपैकी एक निवड आणि दुसरं टाकून दे. मला दोघांचाही राग येतो.

या भांडणाची सर्वांत गाजलेली जागा म्हणजे टेनेसी राज्यातलं डेटन हे लहानसं गाव. बायबलमधली मानवाच्या निर्मितीची कथा नाकारणारा सिद्धांत सरकारी शाळांत शिकवायला त्या राज्याने मार्च १९२५ मध्ये बंदी घातली. जॉन स्कोप्स या चोवीस वर्षांच्या शिक्षकावर त्याच कायद्याखाली जुलैमध्ये खटला चालला. खटला मुद्दाम घडवून आणलेला होता. गावातल्या औषधांच्या दुकानात बसून काही प्रतिष्ठितांनी तो ठरवला आणि स्कोप्सने त्याला होकार दिला. रस्त्यावर कपडे घातलेला चिंपांझी फिरवला जात होता. सरकारच्या बाजूने विल्यम जेनिंग्ज ब्रायन उभे होते, तीनदा अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले, शेतकरी-कामगारांचे लाडके. बचावाला क्लॅरन्स डॅरो, देवाविषयी उघड संशय बाळगणारे नामांकित वकील. २० जुलैला उकाड्यामुळे आणि गर्दीच्या ओझ्याने मजला खचेल या भीतीने न्यायालय बाहेर झाडांखाली भरलं, आणि डॅरोंनी ब्रायन यांनाच साक्षीला बोलावलं. योनाला माशाने गिळलं का? काइनला बायको कुठून मिळाली? सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचे सहा दिवस का? ते दिवस चोवीस तासांचेच असतील असं नाही, हे ब्रायन यांनी मान्य केलं, आणि त्यांच्याच माणसांचे चेहरे उतरले.

ते चेहरे का उतरावेत, हे मला कधीच समजलेलं नाही. सूर्य चौथ्या दिवशी आला तर पहिले तीन दिवस कशाने मोजले, हा प्रश्न संत ऑगस्टीनला दीड हजार वर्षांपूर्वीच पडला होता. त्याने उत्पत्तीच्या पुस्तकावर मोठा ग्रंथ लिहिला आणि ख्रिस्ती माणसांना बजावलं, की आकाश, तारे, प्राणी यांविषयी जाणकारांपुढे पवित्र शास्त्राच्या नावाने अडाणी बोलू नका. लोक हसतील, आणि मग तुमच्या पुनरुत्थानाच्या गोष्टीवर तरी विश्वास कसा ठेवतील? डेटनमध्ये त्याची आठवण कुणाला झाली असती, तर त्या दुपारी एका म्हाताऱ्या माणसाची तशी फजिती झाली नसती.

पण मला खरा चटका लावून जातं ते स्कोप्सच्या वर्गातलं पुस्तक. हंटर यांचं 'सिव्हिक बायॉलॉजी', १९१४ चं. राज्यानेच मंजूर केलेलं. त्यात उत्क्रांती होती, आणि तिच्याबरोबर मानवांच्या पाच वंशांची उतरंडही होती, सर्वांत वर युरोप-अमेरिकेतले गोरे. ज्या घराण्यांत मंदबुद्धी किंवा गुन्हेगारी पिढ्यान्‌पिढ्या आहे असं लेखकाला वाटलं, त्यांना त्याने समाजावरची बांडगुळं ठरवलं आणि त्यांची वाढ रोखायला हवी असं मुलांना सांगितलं. डार्विनने हाडं आणि चोची पाहून जे दाखवलं, त्यात हे नव्हतं. हे वर चिकटवलेलं होतं. दुबळ्यांना चिरडणाऱ्या विचाराची ब्रायन यांना खरोखर भीती होती. त्यावरचं शेवटचं भाषण त्यांनी लिहून आणलं होतं, पण डॅरोंनी युक्तिवाद न करताच दोषी ठरवायला सांगितलं आणि भाषण राहून गेलं. निकालानंतर पाचच दिवसांनी, २६ जुलैला, ब्रायन डेटनमध्येच झोपेत वारले. मात्र वंशांच्या त्या उतरंडीविरुद्ध तेही उभे राहिले नव्हते. काळ्यांना वेगळं ठेवणारी व्यवस्था त्यांनीही चालवून घेतली होती. दोन्ही बाजूंचे मोठे लोक सहा दिवसांच्या लांबीवर भांडत होते, आणि त्याच अध्यायात सगळ्या माणसांना एकच प्रतिरूप दिलं आहे, हे वाक्य कुणी खटल्याच्या मध्यभागी आणलं नाही. स्कोप्सला शंभर डॉलर दंड झाला, तो १९२७ मध्ये तांत्रिक कारणाने रद्द झाला, कायदा १९६७ पर्यंत राहिला.

ते वाक्य आपल्याकडे कुणी ऐकलं असेल तर महात्मा फुल्यांनी. पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत, कुठलाच ग्रंथ देवाने लिहिला असं त्यांनी मानलं नाही. पण सगळ्यांचा निर्मिक एक आहे, त्याने स्त्री-पुरुषांना सारखेच हक्क दिले आहेत, या एका आधारावर त्यांनी जातीची अख्खी इमारत हलवली. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त हा निर्मिक पानोपानी भेटतो. त्याच पुण्यात आगरकर होते, देवाच्या नावाने काहीही गृहीत न धरणारे. जिवंतपणी लोकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली तरी बालविवाह आणि केशवपनाविरुद्ध ते लिहीत राहिले. एकाने निर्मिकाच्या नावाने माणसाची बाजू घेतली, दुसऱ्याने त्याच्याविना. मला दोघेही हवे आहेत. माझ्या शाळेतल्या नास्तिक सहकाऱ्यांकडून मी प्रामाणिक शंका घ्यायला शिकले, आणि आमच्या प्रार्थनेत पाठ होत असलेल्या काही भित्र्या गोष्टी त्यामुळे गळून पडल्या.

विज्ञानाला देवाच्या बाजूचा साक्षीदार करायचा मोहही तितकाच चुकीचा. विश्व एका अतिदाट आरंभापासून पसरत आलं ही कल्पना मांडली बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांनी, आणि ते कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्या सिद्धांतात निर्मितीचा जणू पुरावाच पाहिला, तेव्हा सगळ्यांत जास्त अस्वस्थ झाले ते लमेत्रच. आपलं गणित नास्तिकाला देव नाकारायला मोकळं ठेवतं आणि श्रद्धावंताला देव मानायला, असं त्यांचं मत होतं. देव गणिताच्या ओळींमध्ये सापडत नाही आणि तिथून हाकलताही येत नाही, हे त्या पाद्रीबाबांना पक्कं कळलं होतं.

म्हणून मागच्या बाकावरच्या त्या प्रश्नाला मी वर्गात जे उत्तर देते तेच इथे लिहिते. आपली शरीरं कशी घडली, याचं उत्तर या धड्यात आहे आणि ते नीट शिकायचं आहे. आपण एकमेकांना काय मानायचं, याचं उत्तर या धड्यात शोधायचं नाही. ते काही जण देवळात शोधतात, काही जण फुल्यांत, काही आगरकरांत, आणि तो शोध परीक्षेच्या बाहेरचा आहे.

आमच्या धर्मग्रामांतल्या पालकांना मला एक सांगायचं आहे. उत्क्रांती आता निव्वळ गृहीतक राहिलेली नाही, असं पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्येच म्हटलं होतं. तिच्या धास्तीने मुलांना विज्ञानापासून दूर ओढू नका. केंद्राच्या दहावीच्या पुस्तकातून २०२३ मध्ये हा भाग गेला, तेव्हा देशातले शेकडो शास्त्रज्ञ आणि शिक्षक सह्या करून उभे राहिले. आपल्या राज्याच्या पुस्तकात तो आहे, तो जपून ठेवा. मुलाला पुनरुत्थानाच्या रात्री देवळात आणा, आणि जूनमध्ये तोच धडा त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. काही अडलं, काही खुपलं, तर शाळेत या. मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेतच असते.