कसारा लोकलचा हिवाळा

बोहेमियातल्या बऱ्याच किल्ल्यांची दारं ऑक्टोबर सरला की बंद होतात, ती थेट वसंतात उघडतात. चेस्की क्रुम्लोव्हच्या वाड्यातली दालनं बघायचा मोसम एप्रिल ते ऑक्टोबर. डिसेंबरात तिथे गेलेला प्रवासी गावातल्या गल्ल्यांतून हिंडतो, मसाला घातलेल्या गरम वाइनचा पेला हातात धरून मनोऱ्याकडे मान वर करून बघतो आणि पुढच्या गावाची गाडी पकडतो.

ठाणे जिल्ह्यात नेमकं उलटं. पावसाळ्यात गडाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, एप्रिलमध्ये कातळ इतका तापतो की हात टेकवत नाही. मधले तीनचार महिने तेवढे गडाचे. खोदीव टाक्यांत अजून पाणी असतं, गवत पिवळं पडलेलं असतं, हवा स्वच्छ असते. म्हणून डिसेंबरच्या रविवारी डोंबिवली-कल्याणच्या फलाटांवर एरवी न दिसणारी जमात दिसते: पाठीवर सॅक, कानाला मफलर, पायात चिखलाने रंग गेलेले बूट. आठवडाभर मुंबईकडे तोंड करून उभी राहणारी ही माणसं आज पलीकडच्या फलाटावर कसारा लोकलची वाट बघत असतात. बसायला जागा मिळते, ही या प्रवासाची पहिली चैन.

गाडी पकडण्याआधी मात्र दोन किल्ले घराशेजारीच आहेत. त्यांतला ठाण्याचा तर बघताच येत नाही. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास तो बांधायला घेतला. काम पुरतं व्हायच्या आत, १७३७ मध्ये, मराठ्यांनी घेतला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. याच तटांतून १८१६ साली पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून निसटले. बाहेर घोड्याची निगा राखणारा मोतद्दार मराठीत गाणं म्हणत होता, त्या गाण्यातूनच पळून जायचा बेत आत पोचला आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना त्यातलं अक्षर कळलं नाही, असा किस्सा बिशप हेबरने आपल्या प्रवासवर्णनात दिला आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी दिली तीही इथेच. बाहेरून रोज रिक्षा जातात. इतका इतिहास पोटात असलेली भिंत, आणि ओळख काय, तर ‘जेलची भिंत’!

कल्याणचा दुर्गाडी त्या मानाने मोकळा. खाडीच्या काठची बुटकी टेकडी, थोडे बुरूज, माथ्यावर देवीचं देऊळ. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली १६५७ च्या ऑक्टोबरात, आणि मराठी आरमाराची कथा याच खाडीकाठापासून सांगितली जाते. किल्ला म्हणून बघायला गेलं तर दहा मिनिटांत संपतो. पण जानेवारीत सकाळी खाडीवर धुकं असतं तेव्हा भिवंडीकडचा किनारा नाहीसा होतो आणि गलबतं डोळ्यांसमोर आणायला फारसे कष्ट पडत नाहीत.

खरा हिवाळा आसनगावच्या पुढे. स्टेशनवरून रिक्षा करायची, माहुली गावात चहा घ्यायचा आणि चढाला लागायचं. माहुली, भंडारगड, पळसगड असा तीन शिखरांचा हा गड, उंची सुमारे २८०० फूट. सकाळचं दव पँटची टोकं भिजवतं. शेवटच्या टप्प्यात लोखंडी शिडी येते, तिचे गज थंडगार. वर कारवीचं रान, त्यात हरवलेला महादरवाजा. १६३६ मध्ये शहाजीराजे इथे वेढ्यात सापडले, निजामशाहीचा बालराजा मोगलांच्या हवाली झाला आणि ती शाही संपली. पुढे गड महाराजांकडे आला, पुरंदरच्या तहात १६६५ मध्ये गेला, १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी परत आणला. एक राज्य जिथे बुडालं तिथे दुपारी बारा वाजता लोक ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी खात बसलेले असतात. दालनं नाहीत, मार्गदर्शक नाही. पाण्याचं टाकं आणि दारातल्या देवड्या, एवढ्यावर बाकीचं ज्याने त्याने रचायचं.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत ठाणे जिल्ह्यातला एकही नाही. बरंच झालं, असं म्हणणारे भटके डोंबिवलीत आहेत, आणि त्यांचं फारसं चुकतही नाही.

मुरबाडची बाजू मात्र एकट्या भटक्यांची नाही. सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ च्या पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडून इंग्रजांची झोप उडवली होती. दरवर्षी त्या तारखेला, ऐन गारठ्यात, गावोगावची माणसं उजाडायच्या आत तिथे पोचतात. आठवड्याच्या कोणत्याही वारी.

त्यानंतर पौष पौर्णिमेला म्हसा भरतो. खांबलिंगेश्वराची, म्हणजे म्हसोबाची जत्रा, आणि तिच्याबरोबर बैलांचा मोठा बाजार. कल्याणहून मुरबाडला आणि मुरबाडहून म्हशाला एस.टी. जाते. युरोपातल्या नाताळ बाजारात काचेचे गोळे आणि लाकडी खेळणी. म्हशाला घोंगड्या, विळे, कोयते, घुंगरमाळा. गोरखगड उतरून आलेली पोरं बुटांच्या चिखलासकट बाजारात घुसतात, बैलाचे दात बघणाऱ्या शेतकऱ्यांच्या घोळक्यात डोकावतात आणि घोंगडी हातात घेऊन तिची किंमत विचारतात. विकणारा आधी त्यांच्या सॅककडे बघतो, मग भाव सांगतो.